मूळावरची पोर आणि तिचं नाव : भाकितातून आलेली खानदेशी नावं सांगाल का?

पांझरेकाठची

माझ्या भावाला मुलगी झाली, आज १९वा दिवस. आम्ही धुळ्याचे. दुसरं बाळंतपण म्हणून वहिनी आमच्याकडेच आहे. बाळ-बाळंतीण सुखरूप. पण जन्म मूळ नक्षत्राच्या पहिल्या चरणावर झाला, आणि पत्रिका करणाऱ्या जोशीबुवांनी सांगितलं की पहिला चरण बापाला जड. शांत (नक्षत्रशांतीची पूजा) होईपर्यंत बापाने तोंड पाहायचं नाही, मोबाईलमधला फोटोसुद्धा नाही. चंद्र फिरून मूळात येईल त्या दिवशी, म्हणजे २७व्या दिवशी शांत, आणि त्याच दिवशी बारसं. तोवर भाऊ ओसरीवर झोपतो. आतून रडण्याचा आवाज आला की उठून बसतो आणि आवाज थांबेपर्यंत तसाच बसून राहतो. हे रोज रात्री बघवत नाही.

नावाचं अक्षर निघालंय 'ये'. आत्या मी एकटीच, तेव्हा कानात नाव मला सांगायचंय.

आजी (वय ८४) म्हणते, "मी तिले धोंडीच म्हनसू, मंग काही व्हत नही." तिच्या म्हणण्याला आधार आहे. माझ्या आजोबांचं नाव उखर्डू. त्यांच्या आधीची तीन भावंडं दहावा दिवस ओलांडू शकली नव्हती. चौथ्या खेपेला दारावर आलेल्या नाथजोग्याने पणजीला सांगितलं, हाही राहायचा नाही, राहिला तर राखेत राहील. पाचव्या दिवशी पणजीने बाळाला सुपात घातलं आणि गावाबाहेरच्या उकिरड्याच्या कडेला नेऊन ठेवलं. शेजारणीने 'सापडलं' म्हणून उचललं आणि सव्वा शेर ज्वारी घेऊन पणजीला परत विकलं. म्हणजे पोर आता तिचं नव्हतंच, उकिरड्याचं होतं. नेणाऱ्याने नेऊन काय करायचं? आजोबा ८१ वर्षं जगले. शाळेत मास्तरांनी हजेरीपटात 'उत्तम' लिहिलं, रेशनकार्डावर तेच लागलं, पण गाव शेवटपर्यंत उखर्डूआबाच म्हणत राहिलं.

मला विचारायचंय ते असं. तुमच्या घरात, गावात, तुमच्या धर्मात कोणाच्या तरी सांगण्यावरून आलेलं नाव आहे का? जोशी, जोगी, साधू, पीर, स्वप्न, ग्रंथ, काहीही. सांगितलं काय होतं, नाव काय ठेवलं, त्याचा अर्थ काय? कृपा करून चेष्टा करू नका. ८ दिवस उरलेत आणि मला हे नीट समजून घ्यायचंय.


केळीची_सावली

ताई, आधी बाळाला आशीर्वाद. मी यावलची. माझे वडील पंचांग बघून अक्षर काढून द्यायचे, दक्षिणा घेत नसत, त्यामुळे हे कोष्टक मी लहानपणी पाढ्यासारखं पाठ केलंय.

२७ नक्षत्रं, प्रत्येकाचे ४ चरण, म्हणजे १०८ अक्षरं. त्याला अवकहडा चक्र म्हणतात. अश्विनीला चू चे चो ला, रोहिणीला ओ वा वी वू, मघाला मा मी मू मे. मूळाला ये यो भा भी. तुमच्या भाचीचा पहिला चरण, म्हणून ये. या अक्षरावरून जे ठेवतात ते नावरस नाव किंवा जन्मनाव. ते पत्रिकेत राहतं, लग्न जुळवताना बाहेर येतं, एरवी कोणाला ठाऊकही नसतं. माझ्या आईचं जन्मनाव मला तिच्या पंचाहत्तरीनंतर कळलं.

सगळी अक्षरं सोयीची नाहीत. हस्ताला पू ष ण ठ. आर्द्रेच्या तिसऱ्या चरणाला ङ. उत्तराभाद्रपदेला दू थ झ ञ. ञ वर नाव कुठून आणणार? मग जवळचं अक्षर घेतात. आपल्याकडच्या म्हाताऱ्यांत ठकूबाई, झावरू, झुलाल अशी नावं भेटतात, त्यांतली काही तरी या चक्रातून आली असावीत असं वडील म्हणायचे.

आणि मूळाबद्दल. मूळाची मुलगी सासऱ्याला, आश्लेषेची सासूला, ज्येष्ठेची थोरल्या दिराला वाईट, असं बोलत बोलत कितीतरी मुलींची लग्नं लांबलेली मी बघितली आहेत. वडील स्वतः जाणकार, पण मुलीच्या पत्रिकेत मूळ निघालं की ते फक्त शांत सांगायचे, पुढचं वाक्य बोलायचे नाहीत. तुमच्या जोशीबुवांनी ते बोलून टाकलं याचं मला वाईट वाटलं.


सातपुडापार

उकिरड्यावरून गोरख आठवला. आमच्या शहादा-तळोदा भागात दर दोन घरांआड एक गोरख आहे, आणि त्या नावामागे भाकीतच आहे.

नवनाथांच्या पोथीतली कथा. मच्छिंद्रनाथ भिक्षेला आले, घरातल्या बाईला मूल नव्हतं. नाथांनी मंतरलेलं भस्म दिलं, सांगितलं की हे खा, तुला थोर मुलगा होईल. शेजारणींनी तिला भीती घातली, तेव्हा तिने ते भस्म शेणाच्या उकिरड्यात टाकलं. १२ वर्षांनी नाथ परत आले. मुलगा कुठाय? बाई रडायला लागली, जागा दाखवली. नाथांनी उकिरड्याजवळ उभं राहून हाक मारली आणि आतून उत्तर आलं. बाहेर आलेल्या मुलाचं नाव गोरक्ष.

तोरणमाळला मच्छिंद्रनाथांची गुहा आहे, महाशिवरात्रीला गोरखनाथाची यात्रा भरते. तिथून आलेले लोक नातवाचं नाव गोरख ठेवतात. तुमच्या पणजीने ही कथा ऐकलेली असणारच. जोग्याने 'राखेत राहील' म्हटलं, तिने पोर थेट उकिरड्यावर नेलं. उखर्डू आणि गोरख ही एकाच गोष्टीची दोन नावं आहेत, एक पोथीतलं, एक गावातलं. तुमच्या आजोबांना त्या नावाची लाज वाटायची का हे माहीत नाही, पण वाटायचं कारण नव्हतं एवढं मला मनापासून सांगायचंय.


बोरीकाठ

आमना गावमा दोन दगा, तीन भिला, एक धुडकू आनि एक फकिरा व्हतात. सगळे साठीच्या पुढचे, आता त्यातले दोनच राहिले.

धुडकू म्हणजे धुडक्यात, फाटक्या चिंधीत गुंडाळून वाढवलेला. वर्षभर नवं कापड अंगाला लावायचं नाही असा नेम. फकिराला दर्ग्यावर फकिराच्या झोळीत घालून परत मागून आणलेलं. भिका, भिकन, भिला हे भीक मागून मिळवलेले. नथ्थूचं तर नाक टोचलेलं. मुलगी समजून दृष्ट लावणारी निघून जावी म्हणून नाकात नथ घालायची, फ्रॉक घालायचा. माझ्या काकाच्या नाकपुडीला ते भोक शेवटपर्यंत होतं. आधार नावाचे लोकही आपल्याकडेच जास्त. आधीची गेलेली असली की पुढचा तो आधार.


पांझरेकाठची

@सातपुडापार, आजोबांना लाज वाटायची. बँकेत कोणी पूर्ण नाव विचारलं की ते उत्तम सांगायचे आणि मग खाली बघायचे. तुमचा प्रतिसाद आजीला वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, तुझ्या आजोबाला हे कोणी सांगितलं नाही.


बुऱ्हाणपूर_दरवाजा

मी इतिहास शिकवायचो, आता निवृत्त आहे. तुम्ही माणसांची नावं विचारताय, पण आपल्या अख्ख्या मुलखालाच काही काळ अशा एका नावावरून ओळखलं जायचं.

अकबराची मुलं जगत नव्हती. तो सिक्रीला शेख सलीम चिश्तींकडे गेला. शेखांनी सांगितलं, तुला तीन मुलगे होतील. १५६९ मध्ये पहिला झाला, त्याचं नाव शेखांवरून सलीम. १५७० मध्ये मुराद. १५७२ मध्ये अजमेरला शेख दानियाल यांच्या घरी तिसरा जन्मला, म्हणून दानियाल. तीन मुलगे, आणि त्यांतल्या दोघांची नावं सत्पुरुषांची.

आता खानदेश. इथे १३८२ पासून फारुकींचं राज्य. १६०१ च्या सुरुवातीला असीरगड पडला आणि ते संपलं. अकबराने हा मुलूख दानियालकडे दिला आणि त्याच्या नावावरून खानदेशाचं 'दानदेश' केलं. मुघल काळातल्या लिखाणात हे नाव आहे. दानियाल १६०५ मध्ये बुऱ्हाणपुरातच वारला, दारूने. नाव लोकांच्या तोंडी बसलं नाही, आपण खानदेशचे खानदेशच राहिलो.

दानियाल हे मुळात हिब्रू नाव, दानीएल. अर्थ 'देव माझा न्यायाधीश'. बाबेलच्या राजाला स्वप्नाचा अर्थ सांगणारा तो संदेष्टा. म्हणजे स्वप्नं उलगडणाऱ्या माणसाचं नाव फिरत फिरत अजमेरच्या शेखांकडे, त्यांच्याकडून राजपुत्राकडे आणि राजपुत्राकडून तापीच्या खोऱ्याकडे आलं. वर्गात हे सांगताना फळ्यावर बाण काढत जायचो, मुलं गप्प होऊन बघायची.

अजून एक, कारण तुमच्या आजोबांच्या दोन नावांशी त्याचं नातं आहे. सलीम म्हणजे पुढचा जहांगीर. त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवलंय की वडिलांनी मला कधीही सलीम म्हणून हाक मारली नाही, नेहमी 'शेखूबाबा'च म्हणत. ज्या नावामागे सत्पुरुषाचा शब्द आहे ते नाव बापाने तोंडाने घेतलं नाही.


नवापूरकर

मी नवापूर तालुक्यातली, आमच्या घरात तीन पिढ्या चर्च आहे. बायबलमध्ये भाकितातून आलेली नावं इतकी आहेत की कुठून सुरू करावं कळत नाही.

सारेला नव्वदीत मुलगा होणार असं सांगितलं, ती हसली. मुलाचं नाव इसहाक, 'तो हसतो'. हागार रानात दुःखात होती, तिच्या मुलाचं नाव इश्माएल, 'देव ऐकतो'. जखऱ्याला देवदूताने सांगितलं की मुलगा होईल, नाव योहान ठेव. त्याचा विश्वास बसेना म्हणून त्याची वाचा गेली. आठव्या दिवशी नातेवाईक जमले, म्हणाले बापाचंच नाव ठेवू. अलीशिबा म्हणाली, योहान. नातेवाईक म्हणाले, तुमच्या घराण्यात हे नाव कोणाचंच नाही. मग जखऱ्याने पाटी मागवली आणि लिहिलं, याचं नाव योहान आहे. त्या क्षणी त्याची वाचा परत आली. आपल्या बारशातली आत्या-मामांची ओढाताण आठवली की मला हा प्रसंग अगदी घरचा वाटतो.

पण ताई, तुमच्यासाठी मला वेगळं सांगायचंय. होशेय नावाचा संदेष्टा होता. त्याच्या मुलीचं नाव लो-रुहामा, 'जिच्यावर दया नाही'. त्यानंतरच्या मुलाचं लो-अम्मी, 'माझे लोक नाहीत'. लोकांना इशारा म्हणून ही नावं दिली होती, मुलांनी काही केलं नव्हतं. तिथे वाचताना लहानपणी मला त्या मुलीचं फार वाटायचं, अंगणात खेळताना आई तिला काय म्हणून हाक मारत असेल. पण पुढच्याच अध्यायात सांगितलंय की आता भावाला अम्मी म्हणा आणि बहिणीला रुहामा म्हणा. 'लो' म्हणजे 'नाही', तेवढं काढून टाकलं. आमच्या ओळखीत रुहामा नावाची मुलगी आहे, नर्सिंग शिकते.


भुसावळ_जंक्शन

नवापूरकर ताईंनी सांगितलेली बरीच नावं आमच्याकडेही आहेत, इसहाक, इस्माईल. योहान म्हणजे आमचे यह्या. कुराणात मरियम सूरेत आहे की हे नाव यापूर्वी आम्ही कोणाला दिलेलं नाही. आणि सफ्फ सूरेत हजरत ईसा सांगतात की माझ्यानंतर येणाऱ्या पैगंबराचं नाव अहमद असेल. त्यामुळे अहमद हे नाव आमच्यासाठी आधीच सांगून ठेवलेलं नाव आहे.

माझे मामू दोघे भाऊ, बशीर आणि नझीर. बशीर म्हणजे शुभवार्ता देणारा, नझीर म्हणजे सावध करणारा. पैगंबरांचं काम हे दोन्ही, म्हणून दोन भावांत ती वाटून दिलेली. नबी या शब्दालाही खबर देणारा असाच अर्थ लावतात. आमच्या घरी नानी कुराण उघडून पानावरचं पहिलं अक्षर घ्यायची आणि त्यावरून नाव काढायची. तुमच्या अवकहडा चक्राचं वाचून तिची आठवण आली. तुमच्या भावासाठी दुआ करतो.


अजिंठा_वाट

जळगावहून साठेक किलोमीटरवर अजिंठा. १६ नंबरच्या लेण्यात एक चित्र आहे, असित ऋषी बाळ सिद्धार्थाला हातात घेऊन बघताहेत. बाळाची लक्षणं बघून ते आधी हसले आणि मग रडले. हा बुद्ध होणार, पण ते ऐकायला मी नसेन, म्हणून. नामकरणाला आठ ब्राह्मण बोलावले होते. सात जणांनी दोन बोटं वर केली, चक्रवर्ती होईल किंवा बुद्ध. सगळ्यांत तरुण कोण्डञ्ञाने एकच बोट वर केलं. नाव ठेवलं सिद्धार्थ, ज्याचा हेतू सिद्ध झाला तो.

शुद्धोदनाने ते भाकीत टाळायला महाल बांधले, म्हातारा, आजारी, प्रेत काही मुलाच्या नजरेला पडू दिलं नाही. उपयोग झाला नाही.

आता आमच्या घरचं. माझ्या आजोबांचं नाव दगडू, त्यांच्या भावाचं कचरू. बोरीकाठ यांनी सांगितलेली कारणं खरी असतील, पण आमच्या वस्तीत ही नावं सगळ्यांचीच होती, मूल जगो वा न जगो. चांगलं नाव ठेवलं तर गाव हसायचं, वरून विचारायचं की हे नाव तुम्हाला कशाला? १९५६ नंतर आजोबांनी मुलांची नावं ठेवली ती सिद्धार्थ, राहुल, यशोधरा. कोणाला विचारलं नाही, अक्षर काढलं नाही. मूळ, आश्लेषा आमच्या घरात कोणाला माहीत नाही आणि आम्ही सगळे धडधाकट आहोत. आजोबा म्हणायचे, पोरांची नावं ठेवली त्या दिवशी मी माणूस झालो.

ताई, तुमच्या भावाला आत जाऊ द्या. एवढंच सांगायचं होतं.


केळीची_सावली

अजिंठा_वाट, तुमचं म्हणणं दोनदा वाचलं. पटलं. तरीही त्या घरात ८४ वर्षांची आजी आहे, तिच्या मनाला धक्का देऊन पोराला आत घातलं आणि उद्या साधं पडसं झालं तरी ती स्वतःला आणि सुनेला खाईल. राहिलेल्या दिवसांचा प्रश्न आहे. शांत ही आजीच्या मनाची होते असं समजा.


अजिंठा_वाट

काकू, आजीचं मन राखायला हवं हे कबूल. पण ओसरीवर बसलेल्या माणसाच्या मनाचं काय, त्याचीही शांत कोणी करा.


उपकेंद्र

मी ३१ वर्षं आरोग्यसेविका होते, बरीचशी शिरपूर-चोपडा पट्ट्यात. इतक्या प्रतिसादांत कोणी हे बोललं नाही म्हणून लिहिते, जरा लांब होईल.

पाचव्या-सहाव्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर नशीब लिहिते. म्हणून पाटावर कोरा कागद, लेखणी, विळा, दिवा ठेवतात आणि रात्रभर जागतात. नेमकी पाचवी-सहावीच का? नाळ विळ्याने किंवा खापराने कापायची, वर राख किंवा शेण लावायचं. त्यातून धनुर्वात शिरायचा. चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत बाळ ठणठणीत. मग अंगावर ओढेनासं होतं, जबडा बसतो, हात लावला की अंग धनुष्यासारखं ताठ होतं. दहाव्या दिवसाच्या आत सगळं संपतं. माझ्या नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत अशी बाळं मी मांडीवर घेतली आहेत. पुढे काहीही करता येत नसे.

पांझरेकाठची, तुमच्या पणजीची तीन बाळं दहावा दिवस ओलांडू शकली नाहीत हे वाचल्यावर माझा हात थांबला. मी तिथे नव्हते, पण माझ्या मनात त्याचं दुसरं कारण येत नाही.

गरोदरपणात धनुर्वाताची दोन इंजेक्शनं, नाळेला नवं ब्लेड, नाळेवर काहीही लावायचं नाही. एवढ्यावर ते हटलं. १९८५ ला सार्वत्रिक लसीकरण सुरू झालं, आणि २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातून नवजात धनुर्वाताचं उच्चाटन झाल्याचं मान्य केलं. माझ्या नोंदवहीत सुरुवातीला उखा, उखर्डू, दगडू, धोंडू अशी बाळं असत. शेवटच्या १५ वर्षांत असं एकही नाव मी लिहिलं नाही. लोक शिकले, टीव्ही आला, हे खरंच. पण मूल जगणार याची खात्री झाल्याशिवाय आईने त्याला उघड चांगल्या नावाने हाक मारली नसती.

आता मुलींचं. मुलाला उखर्डू म्हणणारी आई त्याला लपवत होती, कारण तो हवा होता. त्याच गावात मुलीला नकुशी म्हणायचे, तिथे काही लपवलेलं नव्हतं, तेच म्हणायचं होतं. साताऱ्याकडे २०११ मध्ये अशा मुलींची नावं समारंभ करून बदलली. आपल्याकडे तसा समारंभ झाला नाही, पण मी स्वतः दोघींची नावं शाळेत घालताना आईबापाशी भांडून बदलायला लावली. तुमच्या आजीचं 'धोंडी' पहिल्या प्रकारचं आहे हे मला कळतं, ती लपवतेच आहे. पण ती मुलगी मोठी होऊन ऐकेल तेव्हा तिला हे कोण समजावणार? तिच्या कपाळी आधीच 'बापाला जड' लावलंय.

आणि एक विचारते. सगळ्यांनी नावाचा विचार केला. बाळाच्या आईला कोणी विचारलं का?


पांझरेकाठची

नाही विचारलं.

तुमचा प्रतिसाद रात्री दोनला वाचला आणि मग झोपच आली नाही. पणजीने तीन बाळं पुरली, आणि जोग्याचं बोलणं ऐकून चौथं सुपात घालून चालत निघाली. सकाळी वहिनीला विचारते.


पाटणा_वनवाट

थोडं उशिरा आलो. मी चाळीसगावचा. भाकीत आणि मुलीचं नाव म्हटल्यावर पाटणादेवीचं नाव कोणीच घेतलं नाही याचं आश्चर्य वाटलं.

पाटणला शके ११२८ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, यादव राजा सिंघणाच्या दरबारचा ज्योतिषी, त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला, त्याची नोंद त्यात आहे. (तापीकाठचे योगी चांगदेव वेगळे, लोक घोटाळा करतात.) शिलालेख भाऊ दाजी लाडांनी उजेडात आणला.

भास्कराचार्यांच्या गणिताच्या ग्रंथाचं नाव लीलावती. ते त्यांच्या मुलीचं नाव अशी आख्यायिका. पत्रिकेत निघालं की ठरावीक घटकेला लग्न लागलं नाही तर लागायचंच नाही. वडिलांनी घटिकापात्र मांडलं, तळाला बारीक भोक असलेली वाटी पाण्यात सोडली, ती बुडेल तो मुहूर्त. मुलगी कुतूहलाने वाकून बघत होती, तिच्या अंगावरच्या दागिन्यातला एक मोती सुटून वाटीत पडला आणि भोक बुजलं. वाटी बुडेना. घटका निघून गेली, कोणाला कळलंही नाही. मग वडिलांनी तिला सांगितलं, तुझ्या नावाने ग्रंथ लिहितो. ही कथा फैजीने १५८७ मध्ये लीलावतीचं फारसी भाषांतर केलं त्याच्या प्रस्तावनेत आहे. तोच फैजी १५९१ मध्ये अकबराचा वकील, म्हणजे राजदूत म्हणून आपल्या खानदेशात आला होता.

माझ्या मुलीचं नाव लीलावती ठेवायचं म्हटल्यावर सासरे म्हणाले, नको, तिचं लग्न मोडलं होतं. मी ठेवलं. ग्रंथात जागोजागी तो बाप मुलीला 'बाळे', 'हरिणाक्षी' म्हणत गणितं घालतो. हे नाव घेताना मला मोडलेलं लग्न आठवत नाही, ते प्रश्न विचारणं आठवतं. मुलगी आता नववीत आहे.


केळीची_सावली

ताई, अक्षराचं एक सुचतंय. 'ये' वर येसू. यशोदेचं ते लाडाचं रूप, आपल्याकडच्या येसूबाई त्या यशोदाच. आणि यशोदेच्या घरी नाव ठेवलं गेलं ते कसं, आठवा. देवकीच्या आठव्या मुलाबद्दल आकाशवाणी झालेली, कंसाचे लोक शोधत होते. म्हणून गर्गमुनींनी गाजावाजा न करता गोठ्यात गुपचूप कृष्णाचं आणि बलरामाचं नाव ठेवलं. पत्रिकेपुरतं ठेवा येसू. हाकेचं नाव आईच्या मनासारखं.


पांझरेकाठची

काल २७वा दिवस झाला. सगळ्यांना कळवायचं म्हणून लिहितेय.

वहिनीला विचारलं तेव्हा ती आधी म्हणाली, तुम्ही ठरवाल ते. मी तुमचे प्रतिसाद एकेक करून तिला वाचून दाखवले, बाळाला पाजता पाजता ती ऐकत होती. लीलावतीच्या कथेला तिने मला थांबवलं. ती मुक्ताईनगरकडची, माहेरचे अजूनही त्या गावाला एदलाबाद म्हणतात. लहानपणी दर वर्षी कोथळीला मुक्ताईच्या यात्रेला जायची. म्हणाली, "मोती म्हणजे मुक्ताच ना? मग ती घटका चुकवली ती मुक्तानेच." आणि थोड्या वेळाने, "मला पहिल्यापासून तेच नाव हवं होतं. अक्षर निघालं म्हणून बोलले नाही."

शांत साधीच झाली. काशाच्या परातीत तेल ओतलं होतं. वहिनी बाळाला घेऊन भावाच्या मागे उभी राहिली आणि त्याने आधी तेलात बघायचं असं होतं. तो वाकला. तेल हलत होतं, त्यात चेहरा तुटत होता, जुळत होता. गुरुजी म्हणाले, दिसलं का? त्याला बोलता येईना. तेल स्थिर होईपर्यंत थांबायला हवं होतं, पण आजीच पुढे झाली. ज्या आजीसाठी आम्ही इतके दिवस थांबलो तीच म्हणाली, "बस व्हयनं. दखाडा तेले आते तेनी पोर." भाऊ मागे वळला.

दुपारी पाळण्याशी मी आधी 'येसू' म्हणाले, पत्रिकेसाठी. मग दुसऱ्या कानात 'मुक्ता'. माझ्या पाठीत चार धपाटे बसले, घुगऱ्या वाटल्या.

आजी तिला अजून धोंडीच म्हणते. उपकेंद्र ताई, तुमचं म्हणणं मी तिला समजावून सांगितलं. ती म्हणाली, सवा महिना होईपर्यंत म्हणू द्या, मग मुक्ता म्हणेन. आम्ही हो म्हटलं. आणि आजोबांच्या फोटोखाली 'कै. उत्तम' अशी पट्टी होती, ती काढून भावाने आज 'उखर्डू' लिहायला टाकली आहे.